सविताचं बाळ आणायला गेलो तेव्हा

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताखेतांचा विषय काढला की मीच तो हसून बंद पाडते. त्यामुळे हे इथे लिहिताना संकोच वाटतोय... पण घडलं ते जसंच्या तसं सांगते.

आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो — मी, माझे मिस्टर सुधीर आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. सुधीर रेल्वेत आहेत, रोज कुर्डुवाडीला अप-डाऊन करतात. आत्यांचं माहेर दुधनीचं, त्यामुळे बोलता बोलता कानडी शब्द येतात. लग्नाला बारा वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं.

माझी नणंद सविता. तिनं आत्यांच्या मनाविरुद्ध एका तेलुगू मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला होता, कापडाच्या मिलमध्ये सुपरवायझर. मागे कुणी नव्हतं त्याला. तो तिला घेऊन टांझानियात, दार-ए-सलामला नोकरीला गेला. आत्यांनी चार वर्षं लेकीचा फोन घेतला नाही. "माज्यासाठी ती मेली," एवढंच म्हणायच्या. सविताला दिवस गेलेत हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

आणि एक दिवस तिकडच्या मिलमधून फोन आला. जावई रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्या धक्क्यानं सविता सातव्या महिन्यातच बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी तीही गेली. मुलगी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, नात्यातलं कुणी येणार का?

आत्या रडल्या नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "घिऊन या तिला. तुमीच आई-बाप व्हा."

कागदपत्रं, वकील, तिथलं कोर्ट यात तीन महिने गेले. तोवर बाळ एका लहानशा अनाथालयात होतं. तिथल्या प्रमुख ग्रेसबाईंनी ते माझ्या हातात दिलं तेव्हा मला ओझंच जाणवलं नाही, इतकं हलकं. पासपोर्ट हातात यायला दहा-बारा दिवस लागणार होते, म्हणून आम्ही तिला घेऊन एका गेस्ट हाऊसच्या खोलीत राहिलो.

बाळ दूध घेईना. बाटली तोंडाला लावली की मान डावीकडे वळवायची आणि तशीच बघत राहायची. चमच्यानं पाजलं तर ओघळून जायचं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वजन केलं आणि म्हणाले, असंच उतरत राहिलं तर विमानप्रवासाची चिठ्ठी देणार नाही. दोन दिवसांत फरक पडला नाही तर ॲडमिट करा.

त्याच दुपारी आत्यांना व्हिडिओ कॉल लावला. बाळ पलंगावर झोपलं होतं. आत्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आनि ते दुसरं कूस कुणाचं गं?"

कूस म्हणजे कानडीत तान्हं बाळ. मला वाटलं उशी दिसत असेल. मी उशी उचलून बाजूला ठेवली.

"उशी न्हाय गं. तिच्या डावीकडं. जांभळ्या कापडात गुंडाळलंय की... कोपऱ्याला गाठ मारलीया."

खोलीत जांभळं काहीच नव्हतं. पलंगावर पांढरी चादर, बाळाला पिवळं झबलं. सुधीर चिडले, "आई, नेटवर्क खराब आहे," म्हणाले आणि फोन कट केला. मला म्हणाले, "आई रडली नाही ना, मनावर परिणाम झालाय." मलाही तसंच वाटलं.

तरी दुसऱ्या दिवशी ग्रेसबाई बाळाला बघायला आल्या, तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं — ही एकटीच होती ना?

त्या खुर्चीवर बसल्याच. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? जुळं होतं. मुलगा पाचव्या दिवशी गेला."

मग त्यांनी सोबत आणलेली पिशवी उघडली. बाळाचं सामान म्हणून ती आम्हाला द्यायची राहिली होती. आत अर्धी फाडलेली ओढणी होती. जांभळी. "आईनं स्वतःच्या ओढणीचे दोन तुकडे करून दोघांना गुंडाळायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसरा तुकडा मुलाबरोबर मातीत गेला."

त्या तुकड्याच्या कोपऱ्याला गाठ होती.

सुधीर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आत्यांना यातलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. पण संध्याकाळी फोन लागताच आत्यांनीच विचारलं, "पोरगा हाय त्यो. व्हय की न्हाय?"

सुधीरना खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"नाव ठिवलंय का कुणी त्याला?"

"नाही आई."

"मल्लिनाथ म्हना. तितं जाऊन हाक मारा. बिननावाचं कसं पडून राहील लेकरू."

गेलो आम्ही. बाळाला घेऊन, भर उन्हात. ग्रेसबाईंनी जागा दाखवली. लहान लहान मातीचे उंचवटे, प्रत्येकावर नंबराची पत्र्याची पट्टी. सुधीर गुडघ्यावर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मल्लिनाथ... मामा आलाय रे." माझ्या हातातल्या पोरीनं तेवढ्यात मोठ्यानं टाहो फोडला. ती रडलेली मी पहिल्यांदा ऐकली. खोलीवर आल्यावर तिनं पूर्ण बाटली संपवली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी चिठ्ठी दिली.

एअरपोर्टवरून शेवटचा कॉल केला. आत्या स्क्रीनजवळ डोळे नेऊन बघत होत्या.

"एकलीच दिसतीया," त्या म्हणाल्या. "त्याला तितंच ठिवून आलासा व्हय?"

आणि मग त्या रडायला लागल्या. लेकीच्या नावानं, तिला हाका मारत. शेजारच्या काकू धावत आल्या तरी थांबेनात.

या गोष्टीला चार वर्षं झाली. दत्तकपत्र रजिस्टर झालं, मुलगी आता आम्हाला आई-बाबा म्हणते. आत्यांना पुन्हा कधी काही दिसलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "दिसलं म्हून बोलले. मला काय ठावं?"

मी माझ्या परीनं कारणं शोधली. त्या दुपारच्या कॉलचा स्क्रीनशॉट सुधीरनी काढला होता, त्यात पलंगावर एकच बाळ आहे. सविताच्या शेवटच्या दिवसांत आत्यांचं तिच्याशी बोलणं झालं असेल का? आत्यांच्या फोनचा कॉल-रेकॉर्ड मागवून बघितला. झालं नव्हतं. ओढणीचं तर आम्हालाच माहीत नव्हतं.

गेल्या जूनमध्ये बालवाडीचा फॉर्म भरत होते. 'भावंडांची संख्या' असा रकाना होता. आत्या शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. मी शून्य लिहिलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मुलांना मी सांगते, निरीक्षण जसं असेल तसं नोंदवा. ते शून्य बरोबर आहे का, मला अजून ठरवता आलेलं नाही.