गुलाबी टेप

कांदिवलीच्या मनाली गमरेची टीम रोबोटच्या स्पर्धेत कधीच जिंकत नाही. परवा अंधेरीलाही ती पोरं पहिल्याच फेरीत बाहेर पडली. हरलेल्या टीम सामान आवरून घरी जातात. मनालीने मात्र स्वतःचा रोबोट टेबलावर ठेवला आणि ओरडली, "कोणाला कुठला पार्ट हवाय? घेऊन जा रे!"

सेमीफायनलच्या तोंडावर आमच्या रोबोटची मोटर जळली. जादा मोटर आमच्या टीममधला सम्यक घरीच विसरून आला होता. मी त्याच्यावर एवढी भडकले की माझाच घसा बसला.

मनाली आली. तिने आपल्या रोबोटची मोटर काढली आणि तिच्यावर गुलाबी टेपचा तुकडा चिकटवला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उसनं दिलेलं ओळखता यावं म्हणून. संध्याकाळी परत दे. आणि त्याला झापणं बंद कर, स्क्रू पकड."

चाक गरकन फिरलं आणि माझा जीव भांड्यात पडला. सम्यकचा तर डबल पडला.

फायनल आम्ही हरलो. जिंकलेल्या पोरांनी स्टेजवर आपला रोबोट डोक्यावर उचलला, तर त्याच्याही पोटाला गुलाबी टेप! खाली मनाली जीव तोडून टाळ्या पिटत होती.

"घरी नाही जायचं का गं?" मी विचारलं.

"थांब ना," ती म्हणाली, "माझा रोबोट अजून स्टेजवर आहे."