शेजारच्या बाईंचा हट्टी पूर्वज

आमच्या शेजारच्या बाई रिटायर झाल्यापासून घराण्याची मुळं शोधताहेत. इथे अमेरिकेत वस्ती करायला आलेल्या पहिल्या डच लोकांपर्यंत त्या पोहोचल्यात. पण बोलतात अशा, की कालच सगळ्यांशी फोन झालाय. "आमचा यान फार हट्टी आहे हं!" हा यान जाऊन साडेतीनशे वर्षं झाली.

पितर कावळ्याच्या रूपानं जेवायला येतात, हे मीच त्यांना सांगून बसले होते. पितृपक्षात आईनं आमच्या डेकवर पान ठेवलं, तर बाई यानसाठी घरी तळलेला डोनट घेऊन हजर! कावळा आला, आमचा वडा घेऊन गेला. डोनटकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंचा चेहराच पडला.

"काहीतरी राहिलं असेल त्याचं. कबूल करायला सांग त्यांना," आई मला म्हणाली. मी सांगितलं.

बाई डोनटसमोर ताठ उभ्या राहिल्या. "यान, तुझ्या बायकोचं नाव कुठेच मिळत नाहीये. पण मी शोधीन. प्रॉमिस."

कावळा परत आला आणि अख्खा डोनट उचलून उडाला. आईनं हात जोडले. बाई मात्र घाईघाईनं गाडीची किल्ली शोधू लागल्या.

"अहो, निघालात कुठे?"

"लायब्ररीत! त्यानं डोनट खाल्लाय आता."