जिन्यातल्या देवाच्या टाइल्स

"साहेब, गुन्हा दाखल करा. त्या बाईनं देवाचं तोंड पुसलं," सावेडीतल्या एका सोसायटीचे चेअरमन म्हणाले. तोंडात गुटखा होता, त्यामुळे अर्धं वाक्य मी अंदाजाने घेतलं. दारात पोरांचा घोळका भावना दुखावून उभा होता.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात पीएसआय होतो. पुरावा म्हणून चेअरमननी टाइलच आणली होती. जिन्यात कोणी थुंकू नये म्हणून कोपऱ्यात देवाच्या टाइल्स लावायच्या, ही आपल्याकडची युक्ती. लोक तरी थुंकतात. साळवे बाई तिथेच राहायच्या, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. त्यांना ते बघवेना, म्हणून त्यांनी टाइल ॲसिडने घासली. डाग गेला आणि देवाचा चेहराही गेला.

बाई बौद्ध, म्हणजे मुद्दाम केलं, असं चेअरमनचं म्हणणं. चेअरमनची गाडी बाईंच्या पार्किंगमध्ये लागायची आणि ती काढायला बाईंनी सोसायटीत अर्ज दिला होता, हे मात्र ते बोलले नाहीत. बाईंना ठाण्यात बोलावलं, तेव्हा ते मला त्यांच्याकडून कळलं.

चेअरमनना हवं होतं ते नव्या न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे धर्माचा मुद्दाम, दुष्ट हेतूने केलेला अपमान. गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे जामीन ठाण्यात नाही, कोर्टातच. तोवर बाई आत, आणि आत गेलं की नोकरीतून निलंबन. वरून फोन आला की दाखल करून टाक, पुढचं कोर्ट बघेल. कोर्ट बघेलच हो, पण बाई रिटायर झाल्यावर. मला संताप आला. बाई बाकावर बसल्या होत्या, बोटं ॲसिडने सोललेली.

मी चेअरमनना म्हणालो, "घेतो तक्रार. पण पुसणारी सापडली, थुंकणारा कोण? बाकीच्या टाइल्स जप्त करून लॅबला पाठवतो. थुंकीतून डीएनए निघतो. मग सगळ्या रहिवाशांचे नमुने घेऊ. सुरुवात तुमच्यापासून."

चेअरमननी तोंडातला गुटखा गिळला.

"मिटवून टाकू, साहेब. बाई काय परक्या न्हाईत, शेजारच्याच हायेत," ते म्हणाले. तक्रार न देताच ते गेले. पोरांच्या भावनाही चहाच्या टपरीवर जाऊन बऱ्या झाल्या.

पुढे एका चोरीच्या तपासाला त्याच इमारतीत गेलो. जिन्यात नवी टाइल होती आणि देव पार लाल झाला होता. साळवे बाई नजर खाली घालून बाजूने गेल्या. वॉचमनला म्हटलं, हे पुसत का नाही? तो म्हणाला, "कोन हात लावतंय साहेब? थुंकलं तर केस न्हाई, पुसलं तर हाय."