मी सोललेले बटाटे

पातेलंभर बटाट्याची भाजी त्यांनी आमच्यासमोर गटारात ओतली. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. मुलं ताटं घेऊन रांगेत बसली होती. वाफ येत होती भाजीला.

कारण ती एका बाईने चिरली होती.

उल्हास नदीचं पाणी आमच्या मांजर्लीत शिरलं तेव्हा आम्हाला बदलापुरातल्या एका शाळेत आणून ठेवलं होतं. ती बाई आमच्या मागच्या चाळीतली. मूळची बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, नवरा वारलेला, चार घरची धुणीभांडी करणारी. कमरेएवढ्या पाण्यातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. पिशवीत फक्त सरकारी दवाखान्यातल्या सेंटरचं पुस्तक उरलं. गोळ्या वाहून गेल्या.

औषधांच्या टेबलावर उंचावरच्या सोसायटीतले एक भाऊ बसले होते. मदत त्यांनीच जमवलेली. तिने हळूच विचारलं, गोळ्या आणायला उल्हासनगरला जायचंय, गाडी मिळेल का?

"कसल्या गोळ्या? बीपी? शुगर?"

तिने पुस्तक पुढे केलं. भाऊंनी उघडलं आणि हात झटकत टेबलावर टाकलं.

"अरे, ही एड्सवाली आहे! हिला किचनमध्ये कुणी घेतली?"

मग ते पातेलं. मग तिला संडासाजवळचा व्हरांडा, वेगळी थाळी, वेगळी बादली. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, रात्री हिला चावलेला मच्छर मला चावला, आपण तर गेलो कामातून!" सगळे हसले.

मीही हसलो.

ते बटाटे मी पण सोलले होते. तिच्या शेजारी बसून. आणि मलाही एचआयव्ही आहे.

आम्ही एकाच सेंटरला, एकाच खिडकीवर रांग लावतो. तिथे येणाऱ्यांचा एक नियम आहे, कुणी लिहून न ठेवलेला. बाहेर भेटलं तर ओळख द्यायची नाही. बाजारात, लग्नात, कुठेही. नजर वळवायची. मांजर्लीच्या गल्लीत आम्ही दोघांनी तो वर्षानुवर्षं पाळला. बटाटे सोलतानाही पाळला.

मी अंबरनाथच्या एका कंपनीत सुपरवायझर. छावणीत सगळे मला साहेब म्हणत. माझ्यावर कोण संशय घेणार? माझ्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत, गोळ्यांचे भरलेले डबे होते. माझा आणि बायकोचा. बायकोला हा आजार माझ्यामुळे झाला. तिने माझा दंड घट्ट धरला होता. "बोलू नका हो. पोरीचं जमत आलंय."

मी बोललो नाही. चिरलेल्या भाजीतून, ताटातून हा आजार होत नाही, सेंटरच्या मॅडम दर वेळी सांगतात. मला पाठ होतं. एकही दिवस गोळी चुकवायची नाही, हेही पाठ होतं. मी मोरीत जाऊन माझी गोळी गिळायचो आणि तोंड पुसून परत यायचो. ती व्हरांड्यात पावसाची झड अंगावर घेत बसलेली. असे दोन दिवस. मला एका जागी बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. पण जीभ उचलली नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तिकडे आपल्या छावणीतलं आणखी कोण येतं? नावं सांग. लगेच गाडी देतो."

गाडी म्हणजे गोळ्या. तिला कळत होतं. मी पाच हातांवर उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी कोनाला वलकत नाय."

भाऊंनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली.

मी बॅग उघडली. डबा काढून टेबलावर आपटला.

"माझं नाव लिहा. काल आणि आज तुम्ही जेवलात, त्यातला सगळा कांदा मी चिरलाय."

"काय साहेब, मस्करी करता राव," भाऊ हसले. मग डब्यावरचं वाचलं. हसू गेलं. लोक मागे सरकले. कुणीतरी थुंकलं.

"यांना पण कागदी प्लेट द्या," भाऊ म्हणाले.

"नको," मी म्हणालो. "आम्ही दोघं पंगतीत बसणार. पातेलं ओतायचं तर ओता. पोटातलं कसं ओताल?"

तिला जी गोळी चालू होती तीच मला होती. डब्यातून एक काढून मी तिच्या हातावर ठेवली. ती पाण्यासाठीही थांबली नाही, तशीच गिळली.

उल्हासनगरला आम्ही एका टेम्पोच्या मागे बसून गेलो. अंबरनाथ आल्यावर ती म्हणाली, "दादा, तू त्याच दिशी बोलला असतास तं?"

आभार नाहीत. रागही नाही. नुसता प्रश्न.

पोरीचं जमलेलं मोडलं. बायको अजून नीट बोलत नाही. ते माझ्या वाट्याचं, मी सोसेन. त्या बाईची माफी मात्र मी मागितलेली नाही. माफी मागून मोकळं व्हायचा मला हक्क नाही. नदी पुन्हा गावात येणार. शाळेचे वर्ग उघडतील, टेबल मांडलं जाईल. पहिल्या तासाला मी त्या टेबलासमोर उभा असेन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारेन, सेंटरच्या गोळ्या कुणाच्या वाहून गेल्यात? कुणी हात वर नाही केला तरी चालेल. गाडी निघेल. तिच्यात पहिला मी बसेन.