रविवारी दहाला

"अहो, खालच्या आजी गेल्या," मुग्धा फोनवर एवढंच म्हणाली. मी ऑफिसात होतो. वाईट वाटण्याच्याही आधी मला आठवला तो आमचा जिना... तिथेच मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो.

आजी म्हणजे फ्राऊ वेबर, जर्मनीत एर्लांगेनमधल्या आमच्या घरमालकीण. त्या खाली, आम्ही वर. बाग त्यांची, पण ईस्टरच्या रविवारी ती आमच्या सईची असायची. त्या सकाळी जर्मन घरांतली मोठी माणसं बागेत रंगवलेली अंडी आणि खाऊ भरलेल्या टोपल्या लपवतात, मुलं त्या शोधतात आणि ससा ठेवून गेला असं सगळे मिळून म्हणतात. फ्राऊ वेबरना मूलबाळ नव्हतं. आम्ही अंडी खात नाही हे कळल्यावर सईच्या टोपलीसाठी त्या अक्रोड रंगवायला लागल्या. सत्तरी उलटलेली, हात थरथरायचे, तरी एकेक अक्रोड निगुतीने रंगवायच्या.

गेल्या वर्षी ईस्टरची सलग चार दिवस सुटी बघून आम्ही प्रागची तिकिटं काढली. आदल्या गुरुवारी त्यांनी जिन्यात मला विचारलं, "रविवारी दहाला, जा?"

"जा, जा," मी म्हणालो. जर्मनमध्ये 'जा' म्हणजे 'हो'.

तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. आपण हो म्हणून वेळ मारून नेतो आणि समोरचाही काय ते समजून घेतो. पण त्या बाई 'हो' म्हणजे 'हो'च समजायच्या. सात वर्षं तिथे राहून मला हे ठाऊक नव्हतं, असं अजिबात नाही.

सोमवारी परतलो तेव्हा शेजारीण म्हणाली, "काल फ्राऊ वेबर एक वाजेपर्यंत बागेत पावसात उभ्या होत्या." मी माफी मागायला खाली गेलो. दार उघडून त्याच हसत म्हणाल्या, "मग, सहल कशी झाली?" आणि मी चक्क प्रागबद्दल बोलत बसलो... तिथले पूल, ट्राम, गर्दी. माफी राहिली. पुढे हिवाळ्यात त्यांना हॉस्पिटलात भेटायला गेलो, तेव्हाही हवापाण्याच्याच गप्पा मारून परत आलो. याची मला लाज वाटते.

त्या गेल्यानंतर तीन आठवड्यांनी ईस्टर आला. आम्ही कुठेच गेलो नाही. "बाबा, यंदा कोण लपवणार?" सईने नेहमीसारखं जर्मनमध्ये विचारलं. दहाच्या ठोक्याला मी एकटाच बागेत गेलो. त्या थांबल्या तेवढा वेळ आपणही थांबायचं, असं ठरवलं होतं. स्वच्छ ऊन होतं, माझं वय बेचाळीस. घराकडे वळलो तेव्हा साडेअकराही वाजले नव्हते.