वियेनी नव्हे, वेंगा

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा अमरावतीत आमचा पिंजणाचा धंदा बसला. सगळा कापूस गाठी बांधून विलायतेला चालला. गाद्यांसाठी उरणार काय? म्हणून मी एका इटालियन खरेदीदाराकडं कापूस तोलायच्या कामाला लागलो. त्याची भाषा कानानं उचलली, तसा त्याचा दुभाषीही झालो.

साहेबाची बायको माझ्याकडून मराठी शिकत होती. एका दुपारी तिनं विचारलं, "‘ये’ आणि ‘या’, फरक काय?"

मी सांगितला. ती म्हणाली, "आमच्यातही तसंच. ‘वियेनी’ म्हणजे ये. मान द्यायचा तर ‘वेंगा’."

मग तिनं रीत समजावली. ‘वेंगो’ म्हणजे मी येतो. शेवटचा ओ काढायचा, आ लावायचा: वेंगा. त्यानं यावं, आपण यावं, दोन्हीला तेच रूप. पण मूळ क्रियापद ‘आरे’नं संपत असेल, तर आ नाही, ई. म्हणून ‘पार्लारे’, बोलणं, याचं ‘पार्लो’ आणि त्यावरून ‘पार्ली’: बोलावं.

मी विचारलं, "मग साहेब मले वियेनी कावून म्हणतात?"

ती म्हणाली, "ते आपण त्यांनाच विचारावं."

दुसऱ्या दिवशी बाजारात मोर्शीच्या कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. साहेब ओरडला, "वियेनी!" मी गाठीवर बसून राहिलो.

"वियेनी, बहिरा झालास?"

"वेंगा," मी म्हणालो.

तो लाल झाला. "तू मला व्याकरण शिकवतोस?"

"नाही. मला कसं बोलवायचं, तेवढं सांगतो."

गाडीवान जमले. त्या गर्दीतून माझा बाप पुढं आला, हळूच म्हणाला, "उठ ना बापा. पोटावर पाय देऊन राहिला तू."

"बसू द्या अब्बा. पिंजारी आहो, कुत्रं नाही."

साहेब एकटाच गाड्यांकडं गेला. बोटं दाखवली, हातवारे केले. मोर्शीचा पाटील त्याच्याकडं बघत राहिला, मग बैल जुंपायला लागला. शेजारच्या इंग्रज खरेदीदाराचा माणूस पाटलाला हाक मारतच होता.

साहेब परत आला. माझ्याकडं न बघता, दात आवळून म्हणाला, "वेंगा."

मी उठलो, सौदा जमवला. संध्याकाळी आपल्या घरात त्यानं पुन्हा ‘वियेनी’ काढलं. बाजारात एक आणि घरात एक, हे मला चालणार नव्हतं. मी तिथंही जागचा हललो नाही. आठवडाभर असंच चाललं. शेवटी घरातही त्याची जीभ ‘वेंगा’कडं वळली. मनापासून की नाही, ते मी कधी विचारलं नाही.