जाऊबाईंचं नाक

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या नाकाचा घरात दरारा होता. त्यांनी उभं आयुष्य दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काढलं आणि निवृत्त झाल्यावर तो सगळा रुबाब घरच्या ओट्यापाशी आणला. दूध नासणार असेल तर ते दुधाच्या आधी त्यांना कळायचं. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा कांदा करपला, तर ते त्या जिन्यातूनच ओळखायच्या आणि वर जाऊन त्या बाईंनाही ऐकवून यायच्या.

हिवाळ्यात त्यांना ताप आला. तो गेला, पण जाताना वास घेऊन गेला. शेजारी भांडं जळून काळं झालं तरी त्या शांतपणे काकडी चिरत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून मला कळलं. "कुणाला बोललीस तर बघ," असा त्यांनी मला दम दिला. भीती होती ती त्यांच्या मुलाची. घरात बाळ येणार म्हटल्यापासून त्याने टेबलांच्या कोपऱ्यांनासुद्धा स्पंज चिकटवला होता. आईला गॅसचा वास येत नाही हे त्याला कळतं, तर जाऊबाईंची शेगडी त्याच दिवशी सुटली असती. आणि शेगडीशिवाय जाऊबाई काय करणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

मग आम्ही दोघींनी एक पद्धत बसवली. गॅसची बटणं मी तपासायची आणि स्वयंपाक होईपर्यंत उगाच ओट्याशी घुटमळायचं. कांदा तांबूस झाला की एकदा खोकायचं, करपायला लागला की दोनदा. व्हायचं तेच झालं. सूनबाई मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. नाक त्यांचं बिघडलं आणि छातीचा फोटो माझा निघाला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाळ झालं, आणि ते जरा मोठं झाल्यावर मुलाने टूम काढली, की रविवारी बाळासकट सगळ्यांनी नव्या खाद्यसंग्रहालयात जायचं. तिथे म्हणे प्रत्येक वस्तूला हात लावायचा, चाखायचं, हुंगायचं. पहिल्या दालनात जाऊबाई खुशीत होत्या. कणीक मळून बघा म्हटल्यावर त्यांनी ती इतकी मळली, की तिथल्या मुलीला शेवटी ती परत मागून घ्यावी लागली.

दुसरं दालन वासाचं निघालं. झाकणाच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, हुंगायचं आणि ओळखायचं. "आई, आता तू. आमची काय टाप आहे तुझ्यापुढे," मुलगा म्हणाला. आमच्या खोकल्यात एवढी सोय नव्हती.

मी आगाऊपणा करून प्रत्येक बरणीत आधी नाक खुपसलं आणि त्यांच्या कानाशी कुजबुजले. दालचिनी. कॉफी. दोन्ही त्यांनी ऐटीत जाहीर केल्या. तिसऱ्या बरणीत मला काहीच येईना. आता माझंही नाक गेलं की काय, या धास्तीने मी गप्प राहिले. जाऊबाईंनी जरा वाट पाहिली, मग डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"लवंग," त्या म्हणाल्या. "जरा जुनी आहे."

मुलाने हुंगून मान डोलावली. सूनबाई म्हणाली, जुनीच वाटते. आणि खोटं कशाला सांगू, पुन्हा हुंगल्यावर मलाही लवंगच आली.

तिथल्या मुलीने अदबीने सांगितलं, की ही बरणी रिकामी आहे, गंमत म्हणून ठेवली आहे.

मुलगा खदखदून हसला. आईने आपली चांगलीच फिरकी घेतली, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. जाऊबाईंनीही, हो घेतली, असा चेहरा केला. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेरच्या बाकावर आम्ही टेकलो. बाळ जागं झालं होतं. सूनबाईने ते जाऊबाईंच्या मांडीवर दिलं आणि सहज विचारलं, याच्या डोक्याला काय गोड वास येतो ना, आई? नुसतं हो म्हणायचं होतं. मी मागून तशा खुणाही करत होते. जाऊबाईंनी त्याच्या जावळात नाक खुपसलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही.

"मला नाही येत," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यापासून कसलाच वास येत नाही मला. हा झाल्यापासून रोज हुंगते. काही म्हणता काही येत नाही."

मुलाचं हसू मावळलं. "म्हणजे आई, गॅस..."

"गॅसचं घरी गेल्यावर बोल. शेगडी काढायची तर काढ. आधी मला सांग, कसा येतो याचा वास?"

मुलगा तिथेच जमिनीवर गुडघे टेकून बसला. बाळाचं डोकं हुंगून म्हणाला, दुधासारखा. लगेच म्हणाला, नाही, दूध नाही. सूनबाईने उन्हात वाळलेलं दुपटं सुचवलं आणि स्वतःच नको म्हणाली. मग माझी पाळी आली. वास तर नाकभर येत होता, पण मी साय म्हटलं आणि लगेच तेही मागे घेतलं.

जाऊबाई आमच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी बाळाला जरा पुढे धरलं.

"पुन्हा घ्या," त्या म्हणाल्या. "नीट घ्या. मला काही घाई नाही."